नाव आणि ज्ञान : आम्ले, वायू व मूलद्रव्ये यांच्या नामकरणाची कथा

(प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान-अध्यापन शिबिरातील व्याख्यान)



ऑक्सिजन म्हणजे काय, असा प्रश्न सहावीच्या वर्गात विचारला, तर ‘प्राणवायू’ असे उत्तर तत्काळ येते. प्राणवायू म्हणजे काय, असे पुढे विचारले, तर तितक्याच तत्परतेने ‘ऑक्सिजन’ असे उत्तर मिळते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. परीक्षेत दोहोंनाही गुण मिळतील. परंतु या दोन उत्तरांच्या दरम्यान विद्यार्थी त्या वायूच्या तसूभरही जवळ गेलेला नसतो. एका नावावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पुन्हा पहिल्यावर, अशी ही घाण्याच्या बैलाची वाटचाल होय. पाय चालत असतात, वाट मात्र सरत नाही.

रसायनशास्त्र हा विषय नावांनी गजबजलेला आहे. नावे पाठ होतात आणि वस्तू अनोळखी राहते, ही त्याच्या अध्यापनातील जुनी अडचण आहे. तिच्यावर एक उपाय त्या नावांच्याच इतिहासात सापडतो. प्रत्येक नाव कोणीतरी, काहीतरी पाहून आणि काहीतरी मानून ठेवलेले असते. जे पाहिले ते बहुधा टिकते. जे मानले ते पुढे चुकीचे ठरू शकते. हा भेद शिक्षकाच्या मनात स्पष्ट असला, म्हणजे नाव हे पाठांतराचे ओझे न राहता विचाराचे साधन बनते.

प्रथम बाजारातील नावे पाहावीत. मोरचूद, हिराकस, नवसागर, टाकणखार, सोरा, तुरटी ही नावे खेड्यापाड्यांतील दुकानदारालाही ठाऊक असतात. मोरचुदात मोर नाही, हिराकशीत हिरा नाही आणि नवसागराचा सागराशी संबंध नाही. तरीही कल्हईवाला नवसागर मागतो, तेव्हा त्याला हवी तीच वस्तू मिळते. ओळखीपुरते हे नाव पुरेसे असते. परंतु मोरचुदात तांबे आहे, हिराकशीत लोखंड आहे आणि या दोहोंत गंधकाम्लाचा अंश समान आहे, हे त्या नावांवरून कोणासही कळावयाचे नाही. सख्खी भावंडे असूनही आडनावे निराळी, असा तो प्रकार आहे.

युरोपातही अठराव्या शतकापर्यंत हीच स्थिती होती. हिराकस तापवून मिळणाऱ्या दाट, दाहक द्रवास ‘व्हिट्रिओलचे तेल’ म्हणत. मिठापासून निघणाऱ्या आम्लास ‘मिठाचा अर्क’ आणि सोऱ्यापासून निघणाऱ्या आम्लास ‘तीव्र जल’ अशा अर्थाचे लॅटिन नाव होते. ‘जस्ताची फुले’ होती, ‘अँटिमनीचे लोणी’ही होते. वास्तविक त्या तेलात तेल नव्हते आणि त्या लोण्यात स्निग्धतेचा लवलेश नव्हता. उलट ते अंगास लागल्यास भाजणारे विषारी पदार्थ होते. नाव येथे ज्ञान देत नव्हते, इतकेच नव्हे, तर ते दिशाभूल करीत होते.

वायूंच्या बाबतीत तर नाव ठेवण्याचीच सोय नव्हती. कारण हवा एकच आहे, असा समज होता. सतराव्या शतकात फान हेल्माँट या विद्वानाने ६२ पौंड कोळसा जाळला असता केवळ १ पौंड राख उरते, असे नमूद केले. उरलेले ६१ पौंड गेले कोठे? डोळ्यांना न दिसणाऱ्या, भांड्यात कोंडता न येणाऱ्या एका द्रव्याच्या रूपाने ते निघून गेले, असे त्याने मानले आणि अव्यवस्था या अर्थाच्या ‘केऑस’ या ग्रीक शब्दावरून त्या द्रव्यास ‘गॅस’ असे नाव दिले. हेल्माँट १६४४ मध्ये निवर्तला. त्याचा ग्रंथ १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. आज घराघरांत शेगडीला आणि सिलिंडरला ज्या शब्दाने ओळखले जाते, तो शब्द अशा रीतीने जन्मास आला.

त्यानंतर शंभर वर्षांनी स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक याने तराजू हाती घेतला. चुनखडीसारखे पदार्थ भाजले असता त्यांचे वजन घटते आणि त्यांत जखडून राहिलेला एक वायू सुटून जातो, हे त्याचे संशोधन १७५६ मध्ये प्रसिद्ध झाले. घन पदार्थात स्थिर होऊन बसलेली म्हणून त्याने तिला ‘स्थिर हवा’ म्हटले. हाच वायू उच्छ्वासातून, किण्वातून आणि कोळशाच्या ज्वलनातून निघतो. तो चुन्याच्या निवळीस दुधाळ करतो. आजचा कार्बन डायऑक्साइड तो हाच. १७६६ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश याने धातूंवर आम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या वायूचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यास ‘ज्वालाग्राही हवा’ असे नाव दिले. ही दोन्ही नावे साधी आहेत. जे दिसले, तेच त्यांत सांगितले आहे.

पुढचे नाव मात्र तसे नव्हते. त्या काळी श्टाल या जर्मन पंडिताचे मत सर्वत्र मान्य होते. जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे एक द्रव्य असते आणि पदार्थ जळतो म्हणजे ते बाहेर पडते, असे ते मत होते. दिनांक १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली याने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटले आणि एक वायू मिळविला. त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. पुढे त्यात ठेवलेला उंदीर तेवढ्याच साध्या हवेतल्यापेक्षा अधिक काळ तगला. प्रीस्टलीने विचार केला की, जी हवा ज्वलनास इतकी मदत करते, तीत फ्लॉजिस्टन मुळीच नसावे. म्हणूनच ती जळत्या पदार्थातील फ्लॉजिस्टन आधाशासारखी शोषून घेते. यास्तव त्याने तिचे नाव ‘फ्लॉजिस्टनरहित हवा’ असे ठेवले. स्वीडनमध्ये कार्ल शेले या औषधविक्रेत्याने हाच वायू त्यापूर्वी मिळविला होता. त्याचे पुस्तक मात्र १७७७ मध्ये निघाले. त्याने दिलेले नाव होते ‘अग्निवायू’.

प्रीस्टलीने ऑक्टोबर १७७४ मध्ये पॅरिसला जाऊन आपला प्रयोग आंत्वान लाव्हाझ्ये यास सांगितला. लाव्हाझ्येच्या मनात एक शंका पूर्वीपासून घोळत होती. गंधक आणि स्फुरद जळताना त्यांचे वजन वाढते, हे त्याला १७७२ मध्येच आढळले होते. काही बाहेर पडत असेल, तर वजन वाढावे कसे? त्याने पारा बंदिस्त हवेत बारा दिवस सतत तापविला. ५० घन इंच हवेतील सुमारे ७ ते ८ घन इंच हवा नाहीशी झाली आणि पाऱ्यावर तांबडे भस्म जमले. उरलेल्या हवेत ज्योत विझत असे. ते ४५ ग्रेन भस्म वेगळे काढून अधिक तापविल्यावर ४१॥ ग्रेन पारा आणि ७ ते ८ घन इंच वायू परत मिळाला. जेवढा गेला होता, तेवढाच आला. जळणे म्हणजे काही गमावणे नसून हवेतील एका घटकाशी संयोग पावणे होय, हे यावरून सिद्ध झाले.

आता या घटकास नाव हवे होते. गंधक, स्फुरद आणि कोळसा जाळून मिळणारे पदार्थ पाण्यात मिसळले की आम्ल तयार होते, असे लाव्हाझ्येने पाहिले होते. तीन उदाहरणांवरून त्याने सर्वांसाठी नियम केला की, आम्लता आणणारे तत्त्व ते हेच. ‘आम्ल’ आणि ‘जनक’ या अर्थाचे ग्रीक शब्द जोडून ‘ऑक्सिजन’ हे नाव सिद्ध झाले. ज्वालाग्राही हवेच्या ज्वलनातून पाणी होते, म्हणून ती ‘हायड्रोजन’, म्हणजे जलजनक ठरली. ज्या हवेत प्राणी जगत नाहीत, ती ‘अ‍ॅझोट’, म्हणजे निर्जीव ठरली. याच वायूस शाप्ताल याने १७९० मध्ये सोऱ्याच्या जनकाचा अर्थ असलेले ‘नायट्रोजन’ हे नाव सुचविले.

१७८७ मध्ये गीताँ द मोर्व्हो, लाव्हाझ्ये, बेर्तोले आणि फूरक्र्वा या चौघांनी रासायनिक नामकरणाची पद्धती पुस्तकरूपाने मांडली. नावावरून घटक कळावेत, हे तिचे सूत्र होते. गंधकाच्या ज्या आम्लात ऑक्सिजन अधिक ते सल्फ्युरिक, ज्यात कमी ते सल्फ्युरस. पहिल्याचे क्षार सल्फेट, दुसऱ्याचे सल्फाइट. मोरचूद झाले कॉपर सल्फेट आणि हिराकस झाली आयर्न सल्फेट. भावंडांना एक आडनाव मिळाले. शेकडो असंबद्ध नावे पाठ करण्याऐवजी विद्यार्थ्याने काही मूळ नावे आणि थोडे प्रत्यय शिकले, की पुरे झाले. आजच्या पाठ्यपुस्तकांतील नावे अजूनही याच पायावर उभी आहेत. १७८९ मध्ये लाव्हाझ्येच्या ग्रंथात ३३ मूलद्रव्यांची यादी आली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. परंतु त्याची भाषा जगली. प्रीस्टलीने मात्र १८०४ मध्ये मरेपर्यंत ती स्वीकारली नाही. ऑक्सिजन आपल्या हातांनी मिळविणारा मनुष्य त्याचे नाव शेवटपर्यंत नाकारीत राहिला. कारण ते नाव मानणे म्हणजे आपले जुने मत सोडणे होते.

येथवर ही विजयाची कथा वाटेल. परंतु शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे, असा भाग यापुढेच आहे.

१७७४ मध्येच शेलेने मिठाच्या आम्लाची मँगनीजच्या एका खनिजावर क्रिया करून एक उग्र, गुदमरविणारा, हिरवट पिवळा वायू मिळविला होता. फ्लॉजिस्टनच्या मतानुसार त्याने त्यास ‘फ्लॉजिस्टनरहित मिठाचे आम्ल’ म्हटले. लाव्हाझ्येच्या अनुयायांनी ते नाव रद्द केले आणि आपल्या मतानुसार ‘ऑक्सिजनयुक्त मिठाचे आम्ल’ असे नवे नाव ठेवले. आम्ल म्हटले की त्यात ऑक्सिजन असलाच पाहिजे, असे त्यांना वाटे. एक मत गेले, दुसरे आले. वायू तोच राहिला. पुढे लंडनमध्ये हंफ्री डेव्ही याने त्यातील ऑक्सिजन बाहेर काढण्याचा पुष्कळ यत्न केला. पांढराशुभ्र होईपर्यंत तापविलेला कोळसादेखील त्यातून ऑक्सिजन ओढून घेऊ शकला नाही. १८१० मध्ये डेव्हीने जाहीर केले की, यात ऑक्सिजन निघत नाही. कारण तो नाहीच. हा वायू स्वतःच एक मूलद्रव्य आहे. आणि त्याचे नाव? त्याने मतांच्या वाटेस न जाता केवळ रंग पाहिला आणि हिरवट पिवळा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘क्लोरीन’ असे नाव ठेवले. मिठाच्या आम्लात केवळ हायड्रोजन व क्लोरीन आहेत, ऑक्सिजन मुळीच नाही, हेही त्याबरोबर स्पष्ट झाले.

आम्लजनक हे नाव उलट बाजूनेही लंगडे ठरले. चुना हा आम्लाचा विरोधी पदार्थ होय. हळदीला चुना लावला की ती तांबडी होते, लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते, हे घरोघरी ठाऊक आहे. लाव्हाझ्येच्या यादीत चुना मूलद्रव्य म्हणून होता, तरी अशा पदार्थांत ऑक्सिजन दडलेला असावा, अशी शंका त्यानेच व्यक्त केली होती. १८०८ मध्ये डेव्हीने चुन्यातून कॅल्शियम हा धातू वेगळा काढला, तेव्हा ती खरी ठरली. म्हणजे ऑक्सिजन नसलेले आम्ल असते आणि ऑक्सिजन असलेला आम्लविरोधी पदार्थही असतो. १८३८ मध्ये लीबिग याने, आम्लाचे खरे लक्षण धातूने बदलता येणारा हायड्रोजन हे होय, असे मांडले. आम्लाचा जनक म्हणावयाचे, तर ते नाव ऑक्सिजनपेक्षा हायड्रोजनासच अधिक शोभले असते. तथापि एव्हाना नाव रूढ झाले होते. जगाने चूक सुधारली आणि नाव तसेच ठेवले.

‘अ‍ॅझोट’ची गोष्टही अशीच आहे. ज्यास निर्जीव म्हटले, त्या वायूवाचून एकही प्राणी अथवा वनस्पती जगू शकत नाही. कारण प्रत्येक प्रथिनात नायट्रोजन असतो. महाराष्ट्रातील शेतकरी त्यास ‘नत्र’ म्हणतो. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ असे आकडे असतात, ते अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांचे प्रमाण सांगतात. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असूनही पिकास तो सरळ घेता येत नाही. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू तो जमिनीत स्थिर करतात. पोत्यावरचा ‘नत्र’ आणि पुस्तकातला ‘नायट्रोजन’ एकच, हे ज्या विद्यार्थ्यास उमगले, त्याच्या घरची शेती हीच त्याची प्रयोगशाळा झाली. स्फुरदाचे मूळ नाव फॉस्फरस, म्हणजे प्रकाश वाहणारा. १६६९ मध्ये हँबुर्ग येथे ब्रांट याने मूत्र आटवून तो मिळविला, तेव्हा तो अंधारात चमकला होता. पालाशाची ‘के’ ही खूण वनस्पतींच्या राखेस दिलेल्या अरबी शब्दावरून आली. ‘अल्कली’ हा शब्दही त्याच घराण्यातला आहे.

मराठीतील ‘प्राणवायू’ हे नाव लाव्हाझ्येच्या चुकीपासून मुक्त आहे. बंगालीत मात्र ‘अम्लजान’ हा शब्द घडला आणि मूळची चूकही त्याच्याबरोबर आली. तथापि प्राणवायू हेही नाव सर्वस्वी निर्धोक नाही. योगशास्त्रात व आयुर्वेदात प्राण, अपान, व्यान, उदान व समान असे शरीरातील पाच वायू मानलेले आहेत. तेथील प्राणवायू निराळा. शिवाय जो प्राण देतो, तोच विळ्याला गंज आणतो आणि गंजीला लागलेली आग भडकवितो, हे नाव ऐकून विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही. शिक्षकाने ही उदाहरणे नावाच्या शेजारीच ठेवावीत.

नावाविषयीची ही दक्षता केवळ पुस्तकी नाही. अनेक घरांत फरशी व संडास साफ करण्यासाठी ‘अ‍ॅसिड’ आणलेले असते. ते बहुधा मिठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लच असते. पाणी शुद्ध करण्यासाठी ग्रामपंचायत जी टी.सी.एल. पावडर वापरते, तिच्यात क्लोरीन बांधलेला असतो. अधिक स्वच्छता व्हावी म्हणून कोणी ही दोन एकत्र केली, तर तोच हिरवट पिवळा वायू मोकळा होतो. दिनांक २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शस्त्र म्हणून जो सोडला, तो वायू हाच. बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. तसेच शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत आम्ल भरून ठेवणे म्हणजे वस्तूवर खोटे नाव लिहिणे होय, आणि ते खोटे नाव पहिल्यांदा वाचते ते घरातले तहानलेले मूल. वर्गात या दोन गोष्टी वर्षातून एकदा तरी निक्षून सांगितल्या पाहिजेत.

अध्यापनाच्या दृष्टीने या इतिहासातून एक सोपी रीत निघते : आधी वस्तू, मग विद्यार्थ्याने ठेवलेले नाव, आणि शेवटी पुस्तकातले नाव. चुन्याच्या स्वच्छ निवळीत नळीने हळूच फुंकर घालावयास सांगावे. निवळी तोंडात ओढली जाणार नाही, याकडे शिक्षकाने जातीने लक्ष द्यावे. ती दुधाळ होते, हे पाहून विद्यार्थी त्या वायूस काय म्हणतील, ते फळ्यावर लिहावे. कोणी ‘दूध करणारी हवा’ म्हणेल, कोणी ‘तोंडातली हवा’ म्हणेल. कोणते नाव पाहण्यावर आधारलेले आहे आणि कोणते तर्कावर, याची चर्चा करावी. हाच वायू कोळशातूनही निघतो, असे दाखविले की ‘तोंडातली हवा’ हे नाव आपोआप गळून पडते. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड हे नाव सांगावे आणि त्यातील प्रत्येक अवयवाचा अर्थ उलगडावा. दुसरा प्रयोग काचेच्या परीक्षानळीचा. तिच्या आत ओला लोखंडी कीस चिकटवून ती पाण्यात उपडी ठेवावी. काही दिवसांत कीस गंजतो आणि पाणी नळीत सुमारे पाचव्या हिश्शापर्यंत चढते. लाव्हाझ्येने बारा दिवस विस्तवाशी बसून जे पाहिले, तेच येथे विस्तवाशिवाय दिसते. आम्लांसाठी लिंबू, चिंच, हळद आणि जास्वंदीचे फूल एवढी सामग्री पुरेशी आहे. तीव्र आम्ले प्राथमिक वर्गातील मुलांच्या हाती देऊ नयेत.

आज मूलद्रव्यांची संख्या ११८ आहे. त्यांपैकी चार नावे तर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने मंजूर केली. नव्या मूलद्रव्यांस आता स्थळांची, शास्त्रज्ञांची, पुराणकथांतील पात्रांची, खनिजांची अथवा एखाद्या गुणधर्माची नावे देतात. तीनच उदाहरणे पाहून सर्वांवर नियम लादणारे नाव किती काळ अडचण करते, हे ऑक्सिजनने शिकविलेलेच आहे.

विद्यार्थ्याने ‘ऑक्सिजनचा अर्थ आम्लजनक, मग मिठाच्या आम्लात ऑक्सिजन का नाही?’ असा प्रश्न केला, तर त्यास उद्धट समजून खाली बसवू नये. डेव्हीनेही वेगळे काही विचारले नव्हते. पुस्तकात छापलेले नाव आणि समोर दिसणारी वस्तू यांचा मेळ बसत नाही, असे सांगण्याचे धैर्य मुलात आले, तर त्या वर्गात विज्ञानाचे अध्यापन झाले, असे खुशाल समजावे. तपासणीच्या दिवशी किती नावे तोंडपाठ म्हणून दाखविली, यावरून ते ठरत नाही.